तिसरी पोस्टडॉक करू की सोडून देऊ?

ताई, मी थिअरॉटिकल कॉस्मॉलॉजीत आहे, म्हणजे विश्वाच्या रचनेच्या सिद्धांतांवर काम करते. मॉडिफाइड ग्रॅव्हिटीवर (आइनस्टाइनच्या गुरुत्वाच्या सिद्धांतात बदल सुचवणाऱ्या थिअरींवर) पीएचडी केली, आता दुसरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची कंत्राटी संशोधनाची नोकरी) चालू आहे आणि कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये संपतंय. पेपर पंधराएक आहेत (यादी जोडलीये), सायटेशन्स ठीकठाक. मागच्या सीझनला फॅकल्टी आणि फेलोशिप मिळून ढीगभर अर्ज केले, एका ठिकाणी शॉर्टलिस्ट झाले, बाकी सगळीकडून 'खेद आहे' नाहीतर तेही नाही. सुपरवायझर म्हणतात अजून एक पोस्टडॉक कर, मग नक्की होईल. नवरा दुसऱ्या देशात नोकरीला आहे, तीन वर्षं आमचा संसार व्हिडिओ कॉलवर चाललाय. बरोबरची एक जण डेटा सायन्समध्ये गेली आणि मजेत आहे, पण मी सोडलं तर इतकी वर्षं पाण्यात गेली असंच वाटत राहील. सध्या जो तो डार्क एनर्जी (विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणारी ऊर्जा) बदलतेय का यावर पेपर टाकतोय, मीही तिकडे वळू का? आणि खरं विचारायचंय ते हे, की माझ्यातच काही कमी आहे का? — नाव छापू नका.

नाव छापत नाही, निश्चिंत राहा.

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण बाकीचे सगळे त्यालाच लटकलेत. तुझ्यात काही कमी आहे का हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण ज्या समित्यांनी तुझा अर्ज बाजूला ठेवला त्यांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता एवढं मात्र खात्रीने सांगते. मी अशा समित्यांवर बसते. थिअरीची एक जागा निघाली की शेकड्यांनी अर्ज येतात आणि त्यातले निम्मे तरी लोक असे असतात की उद्या रुजू केले तर काम व्यवस्थित करतील, म्हणजे हुशार कोण या चाळणीतून काही खाली पडतच नाही, सगळेच हुशार. मग खोलीत विचारलं जातं ते वेगळंच. समितीत एक जण लेझरवाला असतो, एक जण कंडेन्स्ड मॅटरची, त्यांना स्केलर-टेन्सर थिअरी आणि स्केलर पोटॅटो यात फरक नसतो, आणि ते सरळ विचारतात, 'बरं, पण ही नक्की करते काय?' तुझी फाइल ज्याने वाचलेली असते त्याला उत्तर द्यायला अर्धा मिनिट मिळतो. त्या अर्ध्या मिनिटात एक धड वाक्य आलं तर फाइल वर राहते. 'ही म्हणजे, मॉडिफाइड ग्रॅव्हिटीवर वगैरे, बरंच काय काय केलंय' असं आलं तर झालं, फाइल खाली गेली, आणि कुणी तुझ्याविरुद्ध एक शब्दही बोललेलं नसतं.

आता तुझी पेपर्सची यादी. स्क्रीनिंग मेकॅनिझमवर दोन, हबल टेन्शन आणि अर्ली डार्क एनर्जीवर तीन, एक बाउन्सिंग कॉस्मॉलॉजी, एक प्रायमॉर्डियल ब्लॅक होल्स, चारेक पेपर मोठ्या कोलॅबोरेशनमधले आणि उरलेले पीएचडीचे. रागावू नकोस, पण कागदावर हे एक ना धड भाराभर चिंध्या दिसतं. यात तुझा दोष फार नाहीये, पोस्टडॉकची रचनाच अशी आहे की दर दोन-तीन वर्षांनी नवा बॉस नवा प्रोजेक्ट, तो म्हणतो हे कर की तू ते करतेस. पण मी तुझे ऍब्स्ट्रॅक्ट एकाखाली एक वाचले तेव्हा एक गोष्ट दिसली जी तुझ्या अर्जातल्या रिसर्च स्टेटमेंटमध्ये कुठेच आलेली नसणार असा माझा अंदाज आहे. निम्म्याहून जास्त पेपरमध्ये तू तेच करतेस. कुणीतरी एक नवी थिअरी आणतो, तू तिची पर्टर्बेशन्स (बारीक चढउतार) काढतेस, घोस्ट आहे का, ग्रेडियंट इन्स्टॅबिलिटी आहे का, म्हणजे ती मुळातच कोसळते का ते तपासतेस, मग क्लास या कॉस्मॉलॉजीच्या कोडमध्ये ती समीकरणं घालून सीएमबी (विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून आलेला प्रकाश) आणि गॅलक्सी सर्व्हेच्या डेटासमोर उभी करतेस. म्हणजे तुझं वाक्य तयारच आहे, 'कुठलीही ग्रॅव्हिटीची थिअरी आणा, ती मुळात उभी राहते का आणि डेटासमोर टिकते का, हे ही सांगते.' हे लेझरवाल्यालाही कळतं. स्टेटमेंटची पहिली ओळ ही, आणि मग पेपर वर्षांच्या क्रमाने न सांगता याच्या भोवती सांगायचे. बाउन्सवाला पेपर बसत नसेल तर राहू दे यादीत, स्टेटमेंटमध्ये त्याच्यावर परिच्छेद खर्च करू नकोस.

अजून एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे लोकांचं फुकट नुकसान होतं. आपल्याकडे थिअरीत बरेचदा लेखकांची नावं आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लागतात, आणि तुझं आडनाव शेपटाकडचं आहे. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी सांगत नाही, पण ज्याच्या विषयात पहिलं नाव म्हणजे ज्याने काम केलं तो, त्याला तू पंधरा पेपरमध्ये शेवटची दिसतेस, म्हणजे फुकट नाव लागलेली. यादीच्या वर एक ओळ टाक की अमुक पेपरमध्ये क्रम अक्षराप्रमाणे आहे, आणि महत्त्वाच्या पाच-सहा पेपरखाली एकेका वाक्यात लिही की त्यातलं तुझं काय. 'कोड मी लिहिला, चौथ्या सेक्शनमधलं स्टॅबिलिटीचं गणित माझं' इतकं साधं.

डार्क एनर्जीकडे वळू का म्हणतेस. डेसी या गॅलक्सी सर्व्हेचे पहिले निकाल एप्रिल २०२४ मध्ये आले, मग मार्च २०२५ मध्ये दुसरा हप्ता, आणि डार्क एनर्जी काळाबरोबर बदलत असावी असा इशारा त्यात २.८ ते ४.२ सिग्मापर्यंत (सिग्मा जितके जास्त तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी) गेला, कुठला सुपरनोव्हाचा डेटा जोडता त्यावर आकडा ठरतो. शोध म्हणायला लागतात ते पाच सिग्मा नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही, त्यामुळे आर्काइव्ह या पेपरांच्या वेबसाइटवर रोज सकाळी दोन-चार पेपर त्यावर असतात आणि तुला वाटतं की बस सुटली. थांब जरा. मार्च २०१४ आठव, बायसेप२ दुर्बिणीवाल्यांनी जाहीर केलं की इन्फ्लेशनच्या (विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या झपाट्याने झालेल्या प्रसरणाच्या) ग्रॅव्हिटेशनल वेव्ह्जचा ठसा सापडला, आर ची, म्हणजे त्या वेव्ह्जच्या ताकदीची, किंमत ०.२, आणि आठवड्याभरात थिअरीवाल्यांनी पेपरचा पाऊस पाडला, कुणाच्या मॉडेलमध्ये बरोबर ०.२ येतो याची चढाओढ. २०१५ च्या सुरुवातीला प्लांक उपग्रहाबरोबर एकत्र डेटा बघितल्यावर कळलं की तो सिग्नल आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येतो. आज आरची मर्यादा ०.०३६ च्या खाली आहे. त्या आठवड्यातले पेपर आज कोण वाचतं?

आणि उलटं उदाहरण तर तुझ्याच गल्लीतलं आहे, तुला ते माझ्यापेक्षा जास्त लागलं असेल. १७ ऑगस्ट २०१७, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, साधारण १३ कोटी प्रकाशवर्षांवरून ग्रॅव्हिटेशनल वेव्ह्ज आल्या आणि त्यानंतर १.७ सेकंदात गॅमा किरण. इतक्या लांबून येऊन दोघांत फरक एवढासा, म्हणजे ग्रॅव्हिटीचा वेग आणि प्रकाशाचा वेग जवळपास पंधराव्या दशांश स्थळापर्यंत सारखा. डार्क एनर्जीच्या ज्या ज्या थिअरीत हा वेग आज वेगळा यायचा, हॉर्नडेस्की थिअरीमधले क्वार्टिक-क्विंटिक तुकडे वगैरे, त्या या पावणेदोन सेकंदांच्या फरकाने बाद झाल्या. (बाद म्हणजे, पळवाटा आहेत, लायगो या ग्रॅव्हिटेशनल वेव्ह्ज पकडणाऱ्या वेधशाळेच्या फ्रिक्वेन्सीला ती इफेक्टिव्ह थिअरी (म्हणजे ठरावीक पट्ट्यातच चालणारी) लागू पडते का असा युक्तिवाद आहे आणि तो फालतू नाही, पण समितीसमोर पळवाटेवर करिअर उभं राहत नाही.) त्या वेळी ज्यांची पीएचडी अर्ध्यात होती त्यांची अवस्था मी पाहिली. ज्यांची ओळख 'अमुक मॉडेलवाला' अशी होती त्यांना दोन वर्षं सावरायला लागली. ज्यांच्या हातात पद्धत होती, म्हणजे इफेक्टिव्ह फील्ड थिअरी येते, पर्टर्बेशन्स येतात, कोड येतो, ते तीच अवजारं घेऊन ब्लॅक होल्सकडे नाहीतर लार्ज स्केल स्ट्रक्चरकडे गेले आणि मजेत आहेत. तूही त्यातलीच आहेस, नाहीतर आज हे पत्र लिहायला या विषयात उरली नसतीस.

म्हणून डेसीवर लिहायचं तर लिही, पण तुझंच काम घेऊन. बदलती डार्क एनर्जी बसवायला w (डार्क एनर्जीचा दाब आणि घनता यांचं गुणोत्तर) उणे एकच्या खाली न्यावा लागतो, मग साधं एक स्केलर फील्ड पुरत नाही, मग लोक काहीतरी जोडतात, आणि ते जोडलेलं स्थिर आहे का हे बरेच जण बघतच नाहीत. ते तू बघतेस. असा एक पेपर, सावकाश केलेला, घाईच्या चार पेपरांपेक्षा तुझ्या वाक्याला जास्त उपयोगी. युक्लिड ही अवकाश दुर्बीण जुलै २०२३ ला उडाली, रुबिन वेधशाळेच्या पहिल्या प्रतिमा जून २०२५ ला आल्या, लिसा हे ग्रॅव्हिटेशनल वेव्ह्जचं अवकाश मिशन २०३५ च्या आसपास जाणार आहे. डेटा अजून कैक वर्षं येत राहणार, आणि तू करतेस ते काम त्या प्रत्येकाला लागणार.

आता रेकमेंडेशन लेटर्स. इथे मला वाटतं तुझं खरं अडतंय. तीन लेटरं कुणाची दिलीस? पीएचडीचे गाइड, पहिला पोस्टडॉकवाला, दुसरा पोस्टडॉकवाला, बरोबर? तिघंही असे ज्यांनी तुला पगार दिलाय. समिती लेटर वाचते ते कौतुकासाठी नाही, कौतुक सगळ्यांचंच असतं, ती शोधते एखादा प्रसंग. 'ती मेहनती आहे, दिलेलं काम वेळेत पूर्ण करते, ग्रुपमध्ये सगळ्यांशी चांगलं जमतं', हे वाचून आम्ही पान उलटतो, कारण याचा अर्थ लिहिणाऱ्याला काही आठवत नाहीये. 'आम्ही दोन महिने एका गेजमध्ये अडकलो होतो, तिने दाखवलं की ती इन्स्टॅबिलिटी खरी नसून गेजमुळे, म्हणजे निवडलेल्या गणिताच्या मांडणीमुळे, दिसतेय, त्यानंतर आम्ही पेपरच बदलला', हे वाचलं की पेन्सिल उचलली जाते. तुझ्या बाबतीत असे प्रसंग असणारच, पण लिहिणाऱ्याला ते आपोआप आठवत नाहीत, त्याच्या डोक्यावर अजून वीस लेटरं असतात. म्हणून अर्धं पान लिहून पाठवायचं, 'आपण केलेल्या कामात मला या तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात'. यात लाजण्यासारखं काही नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं त्यांना. आणि एक लेटर असं हवं की ज्याने तुला कधी पगार दिलेला नाही, जो तुझे पेपर वापरतो म्हणून तुला ओळखतो. तुझा कोड कुणी घेतलाय का, सेमिनारनंतर कुणी लांब मेल केली का, तिथून माणूस सापडतो. नसेल तर सीझन उघडायच्या आधी दोन-तीन ग्रुपना स्वतः लिही की मी सेमिनार देऊ का. ऑनलाइन चालतो.

सुपरवायझर म्हणतात अजून एक कर मग नक्की होईल. 'नक्की' हा शब्द त्यांनी कशाच्या जोरावर वापरला ते विचार, खरंच विचार, भांडण म्हणून नव्हे. 'मागच्या पाच वर्षांत तुमच्याकडून तिसऱ्या पोस्टडॉकला गेलेले लोक आज कुठे आहेत' हा साधा प्रश्न आहे आणि त्यांना नावानिशी उत्तर माहीत असतं. लोक तुला भौतिकशास्त्रज्ञ ऍलन गुथची गोष्ट सांगतील, १९७२ ला पीएचडी, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल करत करत चौथ्या पोस्टडॉकला स्लॅक प्रयोगशाळेत असताना डिसेंबर १९७९ ला इन्फ्लेशन सुचलं आणि मग सगळीकडून बोलावणी. गोष्ट खरी आहे. अमलकुमार रायचौधुरींचीही खरी आहे, संशोधन संस्थेत त्यांना धातूंच्या गुणधर्मांवर काम करायला लावलं होतं आणि सापेक्षतावाद त्यांनी त्या नोकरीत स्वतःच्या हट्टाने चालू ठेवला, १९५५ ला त्यांच्या नावाचं समीकरण छापून आलं, आणि पुढे पेनरोझ-हॉकिंगच्या सिंग्युलॅरिटी थिअरम्सचा पाया तेच. मला दोन्ही गोष्टी मनापासून आवडतात, पण यावरून कॉन्ट्रॅक्टवर सही करायची नसते. चौथ्या पोस्टडॉकला ज्यांना काही सुचलं नाही त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही एवढंच.

माझं मत सरळ सांगते. तिसरी पोस्टडॉक कर, पण अटीवर, आणि अटी आत्ताच लिहून ठेव, ऑफर हातात आल्यावर नाही, कारण तेव्हा माणूस खूश असतो नाहीतर घाबरलेला असतो. माझ्या अटी असत्या तर अशा. प्रोजेक्ट तुझा हवा, दुसऱ्याच्या ग्रँटमधलं वर्क पॅकेज नको. दोन नाही, तीन वर्षं, कारण दोन वर्षांची पोस्टडॉक म्हणजे पहिलं वर्ष स्थिरावण्यात आणि दुसरं अर्ज करण्यात. स्टुडंट गाइड करायला मिळायला हवा, कारण फॅकल्टीवाले ते बघतात. आणि नवऱ्याच्या शहरात, किंवा निदान असं की दर शनिवार-रविवारी जाता यावं. ही शेवटची अट मी मुद्दाम घातलीये कारण तुझ्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली आणि तू तिच्याबद्दल काही विचारलंच नाहीस. तीन वर्षं व्हिडिओ कॉल आणि तिसऱ्या पोस्टडॉकची अजून तीन, हा हिशेब दोघांनी एकत्र बसून करायला हवा, आणि त्याला 'टू बॉडी प्रॉब्लेम' असं गोंडस नाव आहे म्हणून तो आपोआप सुटत नाही.

इथे एक उपयोगाची गोष्ट. फेलोशिपना पीएचडीनंतरच्या वर्षांची अट असते, नासाच्या हबल फेलोशिपला साधारण तीन वर्षं, ती गाडी तुझी गेली. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी फेलोशिपला आठ वर्षांपर्यंत चालतं, आणि तिथे मोबिलिटीचा नियम असा की ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. नवरा त्या योजनेतल्या देशात असेल तर ही तुझ्या सोयीची अट आहे, सुट्टीत भेटायला गेलीस ते दिवस धरत नाहीत. पण आधी त्याच्याकडे राहायला गेलीस आणि मग अर्ज केलास तर वर्षाभरात अपात्र ठरशील, तेव्हा क्रम बघ. अर्ज साधारण सप्टेंबरात असतो आणि होस्ट (जिथे काम करायचं तो ग्रुप) आधी शोधावा लागतो, म्हणजे उन्हाळा संपायच्या आत मेल्स गेल्या पाहिजेत. फॅकल्टी मुलाखतीत नवऱ्याचा विषय तू होऊन काढू नकोस, बऱ्याच ठिकाणी त्यांनी विचारायचंही नसतं, तरी जेवताना कुणीतरी विचारतंच, हसून विषय बदल. लेखी ऑफर आली की मात्र पहिल्याच फोनवर सांग, तेव्हा तुझी बाजू वर असते, काही विद्यापीठांत जोडीदारासाठी वेगळी सोय असते, आणि नसली तरी निदान उत्तर कळतं.

सोडण्याबद्दल. 'पाण्यात गेली' हे मला पटत नाही, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. तू बेजियन इन्फरन्स (डेटावरून शक्यता काढणं) रोज करतेस, एमसीएमसीची (त्यासाठीच्या नमुने घेण्याच्या पद्धतीची) चेन का कन्व्हर्ज होत नाही हे बघून सांगू शकतेस, दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळींच्या सी कोडमध्ये शिरून त्याचं काही न मोडता नवं काही घालू शकतेस. क्लायमेट मॉडेलिंगवाले, मेडिकल इमेजिंगवाले, विमा आणि फायनान्सवाले हे सगळे याच कामाचे पैसे देतात. मधला रस्ताही आहे, मोठ्या सर्व्हेंना आणि लिसासारख्या मिशनना रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर लागतात, कॉस्मॉलॉजी कळणारा आणि कोड नीट लिहिणारा माणूस त्यांना सहज मिळत नाही. जे जातं ते वेगळं, आणि ते जातं हे मान्य कर. सकाळी उठून आज कुठल्या समीकरणाशी भांडायचं हे स्वतः ठरवणं जातं. काहींना त्याने फार त्रास होतो, काहींना सहा महिन्यांत आठवतही नाही. तुझ्या त्या मैत्रिणीला 'खूश आहेस का' असं विचारू नकोस, 'मंगळवारी दुपारी काय करत होतीस' असं विचार, त्यातून तुला जास्त कळेल.

तारीख मार्चअखेरची ठेव. अर्ज सप्टेंबर ते डिसेंबर, ऑफर्स डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत, दुसरी फेरी मार्चमध्ये आटपते. तोवर तुझ्या अटीत बसणारं काही आलं नाही तर एप्रिलपासून बाहेरचे अर्ज, आणि कॉन्ट्रॅक्ट संपायला तेव्हा पाच महिने असतील, म्हणजे घाईत मिळेल ते घ्यावं लागणार नाही. बाहेरचा सीव्ही जानेवारीतच करून ठेव, दोन पानी, पेपर्सची यादी न जोडता. नवऱ्याला ही तारीख सांग. सुपरवायझरलाही सांगितलीस तर बरं, लेटर लिहिताना जरा जोर लावतील.

आणि स्टेटमेंटचं पहिलं पान मला पाठव, तेवढंच, सगळं नको. ऑक्टोबर लागायच्या आत मात्र, त्यानंतर मी स्वतःच दुसऱ्यांची लेटरं लिहीत बसलेली असते.